मेंढीच्या रक्ताची वाटणी

निमगाव सावा बघायला मुद्दाम कोणी जात नाही. जुन्नर तालुक्यात आलेला माणूस शिवनेरी चढतो, लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर धापा टाकतो, ओझरच्या गणपतीला हात जोडतो आणि नारायणगावात द्राक्षांची पेटी घेऊन पुण्याला परततो. मी यातलं काहीही केलं नाही. मी एका मेंढीचं रक्त आणायला गेले होते. आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "पुण्यात मिळत नाही का?" मिळतं. सगळी भानगड तिथेच झाली होती.

ही गोष्ट २००८ सालची. मी तेव्हा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या बुळकांडीच्या विषाणूवर काम करत होते. या रोगाला लस आहे, पण एकदा लागण झाली की औषध नाही. आम्ही त्यावर एक जोड-प्रथिन बनवायला निघालो होतो. त्याचा पुढचा तुकडा मेंढीच्या पांढऱ्या पेशीचा आणि मागचा प्रतिपिंडाचा, म्हणजे शरीर रोगाशी लढायला जे बनवतं त्याचा. असली जोडगोळी कशाला हवी, हे मला निमगावात चारचौघांत समजावून सांगावं लागलं, तेव्हा तुम्हालाही तिथेच कळेल. तूर्त एवढं पुरे, की पुढच्या तुकड्यासाठी मेंढीच्या पांढऱ्या पेशी हव्या होत्या.

आदल्या वर्षी मी ते रक्त एका खाटकाकडून आणलं. मेंढीचंच आहे असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. मी कित्येक महिने राबून त्यातला नेमका जनुक वेगळा काढला, बाहेरच्या प्रयोगशाळेतून त्याची अक्षरं कागदावर वाचून आणली, आणि तो निघाला शेळीचा. आमच्या गटाच्या प्रमुख सरांनी तो कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्या विद्यार्थ्यांसमोर "बें" असा आवाज काढला. नंतर केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की प्रकल्पाची मुदत मार्चमध्ये संपते, तोवर खऱ्या मेंढीचा तुकडा हातात नसेल तर काम बंद आणि आपलं नमुने ठेवायचं थंड कपाट शेजारच्या गटाला. शेजारच्या गटाची बाई त्याच दुपारी टेप घेऊन कपाटाची रुंदी मोजून गेली. माझी झोप उडाली ती तिथपासून.

मग ठरलं, की मेंढी जिवंत हवी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली हवी आणि तिने आपल्यासमोर ओरडून दाखवलेलं हवं.

मंचर

सोबत आमचे शिंदे होते. शिंदे पदवीने गुरांचे डॉक्टर, पण प्रयोगशाळेत येण्याआधी त्यांची सगळी प्रॅक्टिस कोथरूडमधल्या पॉमेरियन कुत्र्यांवर झालेली. सुई टोचताना ते जनावराशी इंग्रजीत बोलत. व्हॅन त्यांचीच होती आणि तिच्या सीटवर अजून पांढरे केस होते. मागच्या सीटवर आमचं रक्त फिरवायचं यंत्र, म्हणजे सेंट्रिफ्यूज, पट्टा लावून बसवलं होतं. रक्त काढल्यावर काही तासांच्या आत ते या यंत्रात गरागरा फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, एवढंच काम होतं.

मंचरला मिसळ खायला थांबलो. मिसळ अशी होती की शिंद्यांनी तिसरा पाव मागवताना नाक पुसलं आणि चौथा मागवताना डोळे. पुण्यात तर्री मागावी लागते, इथे नको म्हणावं लागतं, आणि नको म्हटलं तरी वाढणारा "आसू द्या वो" म्हणून ओततोच. पाणी घेऊन आलेल्या माणसाने व्हॅनच्या काचेतून आत पाहिलं.

"खोडदच्या तबकड्यावालं का तुमी?" त्याने विचारलं. या भागात आकाशातले आवाज ऐकणाऱ्या मोठमोठ्या तबकड्या आहेत, आणि पुण्याहून खोकं घेऊन येणारा प्रत्येक माणूस त्यांचाच असं इथे धरून चालतात.

"नाही, आम्ही मेंढ्यांचे," शिंदे म्हणाले.

त्याने यंत्राकडे आणि मग आमच्याकडे पाहिलं. "मेंढ्यांचं बी ऐकता का आता?" असं म्हणून तो पाण्याचा जग ठेवून गेला. शिंदे त्याला खुलासा करायला उठत होते, मी त्यांना बसवलं.

वारूळवाडी

मुक्काम शिंद्यांच्या मावशीकडे होता. नारायणगावाला लागूनच वारूळवाडी, आणि मावशींचं घर टोमॅटोच्या मळ्यात. मेंढीची जुळवाजुळव त्यांनीच फोनवर केली होती. निमगावचे बबनराव हे त्यांचे लांबचे दीर. त्यांची बाजरी निघाली होती, आता कांद्याची लागण करायची, आणि त्याआधी रानात त्यांनी मेंढरं बसवली होती.

मेंढरं बसवणं ही काय भानगड आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. हे दोन्ही पुढे महागात पडलं. रान रिकामं झालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो. मेंढपाळ जाळं लावून सगळा कळप रात्रभर त्या रानात बसवतो, लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं, आणि त्याबदल्यात शेतकरी त्याला धान्य देतो. दोघांचं भलं होतं. पिढ्यान् पिढ्या चाललेला व्यवहार, तोंडी ठरणारा आणि तोंडीच मोडणारा.

रात्री मावशींनी मासवडी केली. बेसनाच्या उकडीत तीळ, खोबरं, लसूण भरून केलेली वडी आणि काळ्या मसाल्याचा रस्सा. वडीला आकार माशाचा, आत मासा औषधाला नाही. आमच्या कोकणस्थ घरात असल्या पदार्थाला आधी नाव ठेवून मग खाल्लं असतं, मी नाव न ठेवताच चार खाल्ल्या. पाचवीला मी ताटावर हात धरला, तर मावशींनी हाताच्या बाजूने रस्सा सोडला.

"रगत काढायचं म्हंजी मेंढी मरंल का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो मावशी. आपण नाही का रक्तदान करत?"

"मी नाय करत," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

निमगाव सावा

सकाळी निमगावला पोचलो तेव्हा थंडी चांगलीच होती. बबनरावांच्या रानात जाळ्याच्या आत मेंढरं एकमेकींना चिकटून बसली होती आणि त्या सगळ्यांची मिळून वाफ येत होती. बबनराव बांधावर उभे होते, डोक्याला मफलर, हातात चहाची किटली. आम्ही चहा घेणार का हे त्यांनी विचारलं नाही, कप हातात दिले. मेंढपाळाचं नाव सखाराम. तो मान हलवण्यापलीकडे फारसा बोलत नव्हता, कारण त्याच्या वाटचं त्याची बायको धुरपदाबाई बोलत होती.

"कंची पायजे?" तिने विचारलं.

"कोणतीही निरोगी. फक्त मेंढी हवी, शेळी नको," मी म्हणाले.

धुरपदाबाईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ताई, ह्यो मेंढरांचा वाडा हाय," ती म्हणाली. मी खाटकाची हकीकत सांगायला तोंड उघडलं, पण तिचा चेहरा बघून मिटलं.

तिने ढवळी नावाची एक पांढरी मेंढी मागच्या पायाला धरून ओढून आणली. शिंद्यांनी खिशातून बिस्किट काढून ढवळीपुढे धरलं आणि "गुड गर्ल, गुड गर्ल" करत तिच्या मानेवरची लोकर कातरायला वाकले. तेवढ्यात कळपातल्या एडक्याला वाटलं की हा मनुष्य आपल्याला पाठ दाखवून आव्हान देतो आहे. मी शिंद्यांना ओरडून सांगणार होते, खरंच सांगणार होते, पण मला हसू आलं आणि उशीर झाला. शिंदे बिस्किटासकट लेंड्यांत पालथे पडले. उठले तेव्हा बिस्किट ढवळीने खाल्लेलं होतं. एकूण बरंच झालं, कारण नंतर ती शांत उभी राहिली आणि रक्त पहिल्या टोचणीत आलं. पाच नळ्या भरल्या. गडद लाल, ऊन ऊन. मी त्या उजेडात धरल्या आणि मला एवढा आनंद झाला की ढवळीच्या डोक्यावर हात फिरवला. तिने माझी ओढणी चघळली.

नळ्या घेऊन व्हॅनकडे वळले तर बबनराव आडवे.

"ताई, रगत कुठं चाललं?"

"पुण्याला."

"कोनाला इचारून?"

"धुरपदाबाईंना विचारलंय की. मेंढी त्यांची आहे."

"मेंढी तिची," बबनराव शांतपणे म्हणाले. "पर मेंढरं रातभर माज्या रानात बसल्यात. बसल्यात म्हंजी त्यांच्यातनं जे काय भाईर पडंल ते माजं. लेंडी माजी, मूत माजं. असंच ठरल्यालं हाय. मंग रगत तुमचं कसं?"

"रगत पडलं न्हाई, काढलंय," धुरपदाबाई म्हणाली.

"काढलं कुठं? माज्या रानात काढलं."

"बाजरी ठरली ती लेंडीची. रगताचा इषय निघाला व्हता का?"

"न्हाई निघाला, म्हनूनच. इषय निघाला नाय तर समदंच आलं त्यात."

"मंग उद्या ढवळी तुमच्या रानात याली तर कोकरू बी तुमचं व्हय?"

बबनरावांनी थोडा विचार केला. "कोकराचं मागनं बघू," ते म्हणाले.

मी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. प्रयोगशाळेच्या नैतिकता समितीने मला जनावराला इजा होईल का, सुई निर्जंतुक असेल का, असे नाना प्रश्न विचारले होते. रान कोणाचं हे कोणी विचारलं नव्हतं. आणि बबनराव काही चेष्टा करत नव्हते. रक्त हे उत्तम खत आहे असं त्यांनी कुठल्याशा शेतीच्या कार्यक्रमात ऐकलं होतं, आणि ठरलेल्या व्यवहारातला सगळ्यात कसदार माल पुण्याला चालला होता.

"पर ह्या रगताचं तुमी करनार तरी काय?" धुरपदाबाईने विचारलं.

मग मी व्हॅनजवळ उभी राहून सांगायला लागले. हे दार म्हणजे मेंढीच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीचं दार समजा. हे त्याचं हँडल. बुळकांडीचा विषाणू येतो, बरोबर हे हँडल धरतो, दार उघडतो आणि आत शिरतो. आत शिरला की त्याची पिलावळ होते आणि मेंढी आजारी पडते. असं म्हणत मी हँडल धरून जोरात ओढलं, तर ते माझ्या हातात आलं.

शिंद्यांच्या तोंडून काहीतरी बारीक आवाज निघाला. मी मात्र आता थांबणार नव्हते.

"हे बघा," मी हँडल वर धरून म्हणाले, "आता विषाणूच्या हातात काय आहे? नुसतं हँडल. मागे दारच नाही. आम्ही अशी सुटी हँडलं बनवणार आणि मेंढीच्या रक्तात सोडणार. विषाणूला वाटेल दार सापडलं. तो ते धरून बसेल आणि खऱ्या दारापर्यंत पोचणारच नाही."

सखाराम पहिल्यांदा पुढे आला. त्याने हँडल हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"पर हे येवढं बारीक, रगतात वाहून जाईल की," धुरपदाबाई म्हणाली.

हाच प्रश्न आमच्या विषयातल्या लोकांनाही पडला होता. मी तिला सांगितलं की म्हणून तर हँडलाला मागून प्रतिपिंडाची शेपूट जोडायची. शेपूट असली की ते रक्तात टिकून राहतं, आणि शरीराचे राखणदार त्याच शेपटीला धरून हँडल आणि त्याला चिकटलेला चोर असे दोघांनाही उचलून नेतात. सखारामच्या कमरेला लोकरीच्या सुताचा गुंडा होता. त्याने काही न बोलता त्यातला दोरा तोडून हँडलाला बांधला, दोन झटके देऊन पाहिला आणि हँडल शिंद्यांना परत दिलं. शिंद्यांनी शेपूटवालं हँडल कृतज्ञतेने खिशात ठेवलं.

"गेल्या साली आमची लई कोकरं गेली ह्या रोगानं," धुरपदाबाई म्हणाली. "तोंडं सडली व्हती. दूध पिता येईना. म्या बोटानं पाजलं, तरी गेली." ती हे ढवळीकडे बघत म्हणाली.

बबनरावांनी घसा साफ केला. "तसं आसंल तर न्या," ते म्हणाले. "पर माज्या वाटनीचं काय ते बगून."

वाटणी व्हायची तर आधी रक्त फिरवायला हवं होतं. यंत्र बबनरावांच्या पडवीत नेलं, पिन लावली, बटण दाबलं. काही झालं नाही.

"लाइट सांजच्याला," बबनराव म्हणाले.

भारनियमनाचे दिवस होते ते. मला ते माहीत होतं, शिंद्यांना माहीत होतं, सरांना माहीत होतं, आणि तरी आम्ही तिघांनी मिळून विजेवर चालणारं यंत्र पट्टा लावून निमगावला आणलं होतं. संध्याकाळपर्यंत रक्त वाया गेलं असतं. मला डोळ्यांपुढे कपाटाची रुंदी मोजणारी बाई दिसायला लागली आणि मी पडवीच्या पायरीवर मटकन बसले.

"फिरवायचंच हाय ना?" बबनराव म्हणाले. "राजुरीला दुधाचं फॅट काढायचं मशीन हाय. हातानं फिरवत्यात. चला."

राजुरी

राजुरी हे दुधाचं गाव. घरटी गोठा, आणि सकाळी रस्त्याने माणसांपेक्षा किटल्याच जास्त दिसतात. तिथल्या एका लहानशा दूध संकलन केंद्राकडे आम्ही निघालो. बबनराव आपलं रक्त नजरेआड करायला तयार नव्हते, म्हणून ते आले. ते आले म्हणून धुरपदाबाई आली. हँडल नसल्यामुळे बाजूचं दार उघडेना, तेव्हा बबनराव पुढच्या सीटवरून मागे चढले आणि धुरपदाबाई मागच्या झाकणातून आत आली. नळ्या माझ्या मांडीवर होत्या. खड्डा आला की दोघेही माझ्या मांडीकडे बघत आणि शिंदे "सॉरी" म्हणत.

केंद्रावर रांग होती. सेक्रेटरी हा गोल चेहऱ्याचा, स्वेटर घातलेला गृहस्थ, आणि त्याच्या पुढ्यात एक लोखंडी ताटासारखं यंत्र, बाजूला दांडा. दुधाच्या काचेच्या नळ्या त्यात आडव्या ठेवायच्या, झाकण लावायचं आणि दांडा फिरवायचा. मी माझ्या नळ्या पुढे केल्या.

"दूध न्हाई हे," तो म्हणाला.

"रक्त आहे."

"कोनाचं?"

"माजं," बबनराव आणि धुरपदाबाई एकदम म्हणाले. सेक्रेटरी खुर्चीसकट मागे सरकला.

त्याला सगळं समजावून सांगेपर्यंत रांगेतल्या लोकांनाही समजलं आणि त्यांच्यात दोन तट पडले. ज्यांची रानं होती ते बबनरावांच्या बाजूने झाले, बाकीचे धुरपदाबाईच्या. मी तेवढ्यात हातावर पेनाने गणित केलं. दांड्याचा वेग, ताटाची रुंदी. अगदी आमच्या यंत्रासारखं नाही, पण जमण्यासारखं होतं. मी रक्तात सोबत आणलेलं मीठपाणी मिसळलं आणि दुसऱ्या नळ्यांमधल्या, थर वेगळे करणाऱ्या घट्ट द्रावणावर अलगद ओतलं. नळ्या खाचेत हलत होत्या म्हणून त्यांना वर्तमानपत्राची सुरळी गुंडाळली. नळ्या पाच आणि यंत्राला समोरासमोर वजन सारखं लागतं, तेव्हा सेक्रेटरीने रांगेतल्या पहिल्या बाईच्या म्हशीचं दूध नळीत भरून पाचवीच्या समोर लावलं.

"माज्या म्हशीच्या दुधात काय मिसळंल का त्ये?" ती बाई म्हणाली.

"बुचं हायेत," सेक्रेटरी म्हणाला आणि त्याने दांड्याला हात घातला.

तो डोळे मिटून फिरवायचा. रोजची सवय असल्यामुळे वेग जराही कमीजास्त होत नव्हता. थांबवताना शिंद्यांनी त्याला ब्रेक लावू दिला नाही. धक्का बसला तर थर विस्कटतात, आपोआप थांबू द्या, असं ते म्हणाले. मग सेक्रेटरी, आम्ही दोघं, बबनराव, धुरपदाबाई आणि सगळी रांग त्या झाकणाकडे बघत उभी राहिली. मागून एक म्हातारा म्हणाला की दूध नासायला लागलंय. आयुष्यात मी अनेक यंत्रं थांबायची वाट पाहिली आहे, पण एवढ्या माणसांबरोबर कधी नाही. थर पडले नसतील तर परत नव्याने रक्त काढायला ढवळी होती, पण मीठपाणी आणि द्रावण संपलं होतं.

सेक्रेटरीने झाकण काढलं, पहिली नळी उचलली आणि सवयीने डोळ्यासमोर उजेडात धरली. तळाशी लाल, वर पिवळसर पाणी, आणि मधे पांढरी, धुरकट, बांगडीसारखी बारीक रेघ.

"साय आली," तो म्हणाला.

आमच्या भाषेत तिला लांबलचक नाव आहे, पण खरं सांगायचं तर ती सायच. मी "आली, आली" म्हणत शिंद्यांचा हात धरला. शिंद्यांचे डोळे भरून आले होते. म्हशीच्या दुधाचं फॅटही सहाच्या वर आलं होतं, त्यामुळे ती बाईदेखील खूश होती.

सेक्रेटरी मात्र नळी खाली ठेवेना. त्याने ती फॅटच्या पट्टीला लावून पाहिली आणि धुरपदाबाईकडे बघून मान हलवली. "लई पातळ. पानी घातलंय ह्याच्यात."

"मेंढीच्या रगतात म्या कशाला पानी घालू?" धुरपदाबाई भडकली.

"मी घातलंय," मी म्हणाले. "मीठपाणी. आत्ता, तुमच्यासमोर."

"बगा," सेक्रेटरी रांगेला म्हणाला, "घातल्यालं व्हतं." आणि समाधानाने त्याने बाकीच्या नळ्या माझ्या हातात दिल्या.

वाटणी तिथेच काउंटरवर झाली. मी पांढरी साय नळीने अलगद ओढून पेशी टिकवायच्या औषधात घातली आणि थर्मासमध्ये ठेवली. खाली राहिलेलं लाल बबनरावांचं. त्यांनी ते केंद्राबाहेर पडलेल्या एका रिकाम्या शहाळ्यात ओतून घेतलं, बांधावरच्या पेरूच्या झाडाला घालणार होते. वरच्या पिवळ्या पाण्यावर कोणाचा हक्क यावर रांगेत पुन्हा चर्चा सुरू झाली, तेव्हा म्हातारा दूध घेऊन थेट पुढे घुसला आणि विषय संपला.

"आन् आमाला?" धुरपदाबाई म्हणाली.

ती भांडत नव्हती. मेंढी तिची, रक्त तिच्या मेंढीचं, आणि वाटणीत तिच्या हातात काहीच आलं नव्हतं. मी म्हणाले, "औषध झालं तर..." आणि पुढचं वाक्य गिळलं. असली औषधं व्हायला किती वर्षं जातात, त्यातली बहुतेक होतच नाहीत, हे मला तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"शबूद नगा देऊ," ती म्हणाली. "झालं का नाय येवढं कळवा. बरं का वाईट, खरं कळवा." सखारामचा मोबाइल नंबर तिला तोंडपाठ होता. मी तो माझ्या हातावर, गणिताच्या खाली लिहून घेतला.

पुणे

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही, फक्त शिंद्यांना मंचरला धनुर्वाताचं टोचून घ्यायला थांबावं लागलं, एडक्याच्या शिंगाने ओरखडा आला होता. सुईला ते घाबरतात हे मला तेव्हा कळलं.

जनुक वाचून आला तो मेंढीचा निघाला. सरांनी कागद दोनदा वाचला आणि कोणताही आवाज न काढता माझ्या पाठीवर थाप मारली. मार्च टळला. मग आम्ही पुढचा तुकडा मागच्या तुकड्याला जोडला, पेशींकडून ते प्रथिन बनवून घेतलं, आणि एका सकाळी काचेच्या बशांत मेंढीच्या पेशी ठेवून त्यांच्यावर विषाणू सोडला. नुसत्या पेशींच्या बशा दोन-तीन दिवसांत उद्ध्वस्त झाल्या. ज्यांत आमचं प्रथिन होतं, त्या बशांत पेशी जागच्या जागी, टवटवीत. मी सूक्ष्मदर्शकापासून उठून शिंद्यांना बघायला लावलं, मग पुन्हा मी बघितलं, आणि मग मला रडू आलं.

पण बशी म्हणजे मेंढी नव्हे. एका मेंढीला पुरेल एवढं प्रथिन करायला आमच्याकडे ना यंत्रं होती ना ऐपत, आणि कोकरासाठी कोणी एवढा खर्च करेल असंही कोणाला वाटेना. पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळाली नाही. काम थांबलं. कपाट शेवटी शेजारच्या गटाकडे गेलंच, रुंदी बरोबर बसली.

धुरपदाबाईला फोन करायचं मी बरेच दिवस टाळलं. एका रविवारी केला. ते दोघं तेव्हा पारनेरच्या बाजूला कुठेतरी रानात होते, मागे मेंढरांचा गलका ऐकू येत होता.

"औषध झालं नाही," मी आधी तेच सांगून टाकलं.

"नाय झालं," ती म्हणाली. "मंग झालं तरी काय?"

"काचेच्या बशीत झालं. तुमच्या ढवळीच्या पेशीवर असतात तशी हँडलं केली, मागून शेपटी लावली, आणि विषाणू सोडला. त्याने हँडलं धरली. आत शिरता आलं नाही त्याला."

"धरून बसला?"

"धरून बसला."

"दार हाय असं वाटून?"

"हो."

"म्हंजी फसला की मुडदा," ती म्हणाली आणि हसायला लागली. फोनवर तिचं हसू थांबेना. मग तोंड फिरवून तिने हाक मारली. "आवं, ऐकलं का? त्यो बुळकांडीवाला फसला. आपल्या ढवळीनं फसवला पुन्यात." सखारामने लांबून काहीतरी विचारलं, ती म्हणाली, "न्हाई, औषध नाय झालं. पर फसला." आणि परत हसली. तो कधी नव्हे ते मोठ्याने काही बोलला, मला नीट ऐकू आलं नाही, पण त्यावर दोघंही हसली.

मग ती पुन्हा फोनवर आली, या वेळी आवाज खाली आणून.

"ताई, आता त्याला सोडू नगा. तसंच धरून ठिवा."

त्या बशा उकळून, धुऊन, पुसून कधीच्याच फळीवर परत गेल्या होत्या.

"धरून ठेवलाय," मी म्हणाले.